विश्लेषण : शेतातून जाणारी वाट कुणाची? ब्रिटनमधील ‘वाट अधिकारी’ नेमके काय करतात?

इंग्लंडच्या नैऋत्येकडील डार्टमूरच्या माळरानावर पाठीवरच्या पिशवीतला तंबू ठोकून रात्र काढण्याचा हक्क सर्वसामान्यांना आहे, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२५ रोजी एकमताने दिला. जमीन खासगी, गुरे शेतकऱ्यांची आणि मुक्काम मात्र कुणाही वाटसरूचा, ही व्यवस्था आपल्याला चमत्कारिक वाटेल. तिकडे ती कायद्याने मान्य आहे आणि ती रोजच्या रोज चालवण्यासाठी ‘कंट्रीसाइड अ‍ॅक्सेस ऑफिसर’ नावाचे एक पदही आहे. सोयीसाठी त्याला ‘वाट अधिकारी’ म्हणू. हा अधिकारी पोलीस नाही, न्यायाधीश नाही आणि जमिनीचा मालकही नाही. तरीही शेतकरी, वाटसरू आणि निसर्ग या तिघांची भांडणे त्याच्याच टेबलावर येतात. निकालाच्या बातम्या झाल्या. हक्क टिकवणाऱ्या या पदाची चर्चा मात्र फारशी झाली नाही. ती का व्हायला हवी, याचा हा आढावा.

डार्टमूरचा वाद काय होता?

डार्टमूर हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथली बरीचशी सामाईक चराऊ जमीन खासगी मालकीची आहे. या जमिनीवर ‘मोकळ्या हवेतील करमणुकीसाठी’ पायी किंवा घोड्यावरून फिरण्याचा हक्क १९८५च्या ‘डार्टमूर कॉमन्स अ‍ॅक्ट’ने लोकांना दिला. फिरण्यात तंबू ठोकून झोपणे येते का, असा प्रश्न एका जमीनमालक दाम्पत्याने न्यायालयात उपस्थित केला. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. या खटल्यात प्रतिवादी होते ते राष्ट्रीय उद्यानाचे प्राधिकरण. लोकांच्या हक्काची बाजू एका सरकारी यंत्रणेने तीन न्यायालयांत लढवली, हे लक्षात घेण्याजोगे.

हक्क मिळाला म्हणजे कुठेही, कसेही राहता येते असे नाही. मुक्काम एखाद-दोन रात्रींचा, तंबू लहान, शेकोटी नाही आणि मागे कचरा नाही, हे नियम आहेत. ते फलकावर लिहिणे सोपे. शनिवारी रात्री ओढ्याकाठी शेकोटी पेटवून बसलेल्या टोळक्याला समजावणे आणि सोमवारी सकाळी त्या राखेबद्दल शेतकऱ्याचा फोन घेणे अवघड. न्यायालयाचे काम जिथे संपते, तिथे वाट अधिकाऱ्याचे सुरू होते.

‘संरक्षित भूप्रदेश’ म्हणजे आपल्यासारखे अभयारण्य का?

नाही. भारतात राष्ट्रीय उद्यान म्हटले की वनखात्याची जमीन, तपासणी नाका, प्रवेश परवाना आणि वन्यप्राणी डोळ्यांसमोर येतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या वर्गीकरणात ब्रिटनमधील राष्ट्रीय उद्याने पाचव्या गटात, म्हणजे ‘संरक्षित भूप्रदेश’ या गटात मोडतात. माणसाच्या शेकडो वर्षांच्या वावरातून घडलेला मुलूख, असा त्याचा अर्थ. दगडी बांध, मेंढ्यांची कुरणे, गावे, चर्च, खाणी आणि माळ हे सगळे त्यात येते. तिथे लोक राहतात, शेती करतात, घरे विकतात. जमिनीचा मोठा हिस्सा खासगी असतो आणि प्राधिकरणाकडे स्वतःची जमीन थोडीच असते.

इंग्लंडमध्ये अशी १०, वेल्समध्ये तीन आणि स्कॉटलंडमध्ये दोन राष्ट्रीय उद्याने आहेत. त्याखेरीज ‘विशेष निसर्गसौंदर्याचे प्रदेश’ हा दुसरा दर्जा आहे. त्यातला पहिला प्रदेश १९५६ साली वेल्समधील गावर द्वीपकल्पात घोषित झाला. इंग्लंड आणि वेल्समधील अशा प्रदेशांना नोव्हेंबर २०२३ पासून ‘नॅशनल लँडस्केप’ म्हणतात. अशा मुलखात प्रवेशाला नाका लावता येत नाही आणि तिकीटही नसते. त्यामुळे लोकांनी कुठून जायचे आणि कुठून नाही, हे ठरवण्याचे सारे ओझे वाटांवर आणि वाटांची काळजी घेणाऱ्यांवर पडते.

लोकांना हा हक्क मिळाला कसा?

सहजासहजी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मँचेस्टर आणि शेफिल्डच्या गिरण्या-कारखान्यांतले कामगार रविवारी मोकळ्या हवेसाठी डोंगर गाठत. समोरचा विस्तीर्ण माळ मात्र श्रीमंतांच्या पक्षी-शिकारीसाठी राखलेला असे आणि राखणदार काठ्या घेऊन उभे असत. २४ एप्रिल १९३२ रोजी तरुण कामगार बेनी रॉथमन याच्या पुढाकाराने शेकडो जण ‘किंडर स्काउट’ या पठारावर बंदी मोडून चढले. राखणदारांशी झटापट झाली. पुढे पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांच्या तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. शिक्षा इतक्या कठोर वाटल्या की ज्यांना हा मार्ग पसंत नव्हता, त्यांचीही सहानुभूती या तरुणांकडे वळली.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये ‘राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागात प्रवेश’ यासंबंधीचा कायदा झाला. ‘प्रवेश’ हा शब्द कायद्याच्या नावातच आला. पहिले राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये झाले ते पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे किंडर स्काउटचाच परिसर. पुढे २००० साली ‘कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे अ‍ॅक्ट’ आला आणि डोंगर, माळ, झुडपी रान आणि नोंदलेल्या सामाईक जमिनी यांवर वाट सोडूनही पायी फिरण्याचा हक्क लोकांना मिळाला. हा मोकळा मुलूख इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के भागावर आहे. उरलेल्या भागात आधार आहे तो जुन्या हक्काच्या वाटांचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांची एकूण लांबी सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास भरते.

या वाटांचे प्रकार ठरलेले आहेत. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची पायवाट. निळा बाण म्हणजे घोडवाट, तिच्यावरून सायकलही चालते. जांभळा बाण असेल तर घोडागाडीही चालते, पण मोटार नाही. लाल बाण असेल तर मोटारीलाही मुभा. आणि तत्त्व असे की, एकदा सार्वजनिक झालेली वाट कायम सार्वजनिक. वर्षानुवर्षे कुणी फिरकले नाही म्हणून तिचा हक्क बुडत नाही. ती बंद करायची किंवा वळवायची तर कायदेशीर आदेशच लागतो.

मग वाट अधिकाऱ्याचा दिवस कसा जातो?

पदाच्या जाहिरातीत डोंगर आणि सूर्यास्ताचे छायाचित्र असते. प्रत्यक्षातला निम्मा वेळ कागदांत जातो. अमुक ठिकाणचे फाटक तुटले, तमुक ठिकाणी काटेरी झुडूप वाढले, ओढ्यावरची फळी वाहून गेली, शेतकऱ्याने वाटेवर तार ओढली, अशा तक्रारी येत राहतात. प्रत्येक तक्रारीत आधी एकच प्रश्न सोडवायचा असतो : हे काम कुणाचे?

उत्तर कायद्यात आहे, पण गुंतागुंतीचे आहे. वाटेचा पृष्ठभाग आणि बहुतेक छोटे पूल ही सार्वजनिक यंत्रणेची जबाबदारी. वाटेवरचे फाटक किंवा कुंपण ओलांडण्याच्या पायऱ्या मात्र जमीनमालकाने सुस्थितीत ठेवायच्या. त्या खर्चाचा किमान चौथा हिस्सा त्याला यंत्रणेकडून मिळू शकतो. बाजूने वाटेत वाढलेली झुडपे मालकाने छाटायची, वाटेतच उगवलेले गवत यंत्रणेने काढायचे. अधिकृत नकाशावर असलेल्या वाटेवर ‘खासगी, प्रवेश बंद’ अशी लोकांना परतवून लावणारी खोटी पाटी लावणे हा १९४९च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. गुरांचेही नियम आहेत. दुधाळ जातीचा दहा महिन्यांहून मोठा वळू सार्वजनिक वाट जाते त्या शेतात मोकळा ठेवता येत नाही.

यात आणखी एक मेख आहे. वाटांचे कायदेशीर अधिकार मुळात स्थानिक परिषदेकडे, म्हणजे रस्ते सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे असतात. काही राष्ट्रीय उद्यानांनी करार करून ते काम स्वतःकडे घेतले आहे, काहींनी नाही. ‘नॅशनल लँडस्केप’च्या तुकड्या तर लहान असतात आणि रस्त्यांविषयीचे अधिकार त्यांच्या हाती नसतात. त्यामुळे तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे न सांगता काम योग्य टेबलापर्यंत पोहोचवणे, हेही एक कौशल्यच ठरते.

शेतकऱ्याने वाट नांगरली तर?

हे उदाहरण पाहिले की कायद्याचा आणि या पदाचा स्वभाव कळतो. समजा, एक पायवाट शेताच्या मधून आडवी जाते. पेरणीसाठी नांगरणी करायची तर वाट वाचवून नांगर फिरवणे शेतकऱ्याला शक्य नाही. कायदा इथे शहाणपणाने वागतो. शेताच्या मधली पायवाट नांगरायला त्याची मुभा आहे. पण पिकासाठी पहिल्यांदा जमीन उकरल्यापासून १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करायची. त्यानंतर त्याच पिकासाठी पुन्हा औत फिरवले तर २४ तासांत. वाटेची रुंदी किमान एक मीटर, घोडवाट असेल तर दोन मीटर. पीक उभे राहिले तरी तेवढी पट्टी मोकळी दिसली पाहिजे. बांधाच्या कडेने जाणारी वाट मात्र नांगरताच येत नाही, कारण ती वाचवणे शेतकऱ्याच्या हातात असते.

आता १४ दिवस उलटले आणि वाटेवर गहू उगवला. वाटसरूची तक्रार आली. यंत्रणेने नोटीस काढावी, मुदत द्यावी, तरीही काम झाले नाही तर स्वतः माणसे लावून पट्टी मोकळी करावी आणि खर्च शेतकऱ्याकडून वसूल करावा, अशी तरतूद आहे. पण पहिल्याच दिवशी नोटीस पाठवणारा अधिकारी फार काळ यशस्वी होत नाही. कारण त्याच शेतकऱ्याच्या कुरणातून पुढच्या वर्षी नवे फाटक बसवायचे असते, पूर आला की त्याचाच ट्रॅक्टर मागायचा असतो. त्यामुळे आधी फोन, मग बांधावर भेट, चहा, हवामानाच्या गप्पा आणि मग वाटेचा विषय, असा क्रम असतो. मात्र दुसऱ्या टोकाला, शेजारसंबंध बिघडतील म्हणून नोटीस कधीच न काढणाऱ्या अधिकाऱ्यामुळे वाट हळूहळू नकाशावरच उरते. कधी चहा प्यायचा आणि कधी कागद काढायचा, हे कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेले नाही. तो अनुभवाचा भाग आहे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही पाहायला हवे. मेंढ्यांच्या विणीच्या काळात मोकाट सुटलेला कुत्रा कळपात शिरला तर गाभण मेंढ्या दगावतात. उघडे ठेवलेले फाटक म्हणजे अर्ध्या दिवसाची पळापळ. २००१ मध्ये लाळ्या-खुरकताची साथ आली, तेव्हा देशभरातील वाटा महिनोन्‌महिने बंद ठेवाव्या लागल्या. त्या वेळी गावोगावच्या खानावळी, मुक्कामाची घरे आणि दुकाने ओस पडली. वाटांवर केवळ शहरी हौशी लोकांची करमणूक अवलंबून नाही, गावाचे पोटही अवलंबून आहे, हे त्या वर्षी शेतकऱ्यांसह सगळ्यांना कळले.

जुने नकाशे आणि नवे दावे कशासाठी?

हक्काच्या वाटा ‘डेफिनिटिव्ह मॅप’ या अधिकृत नकाशावर नोंदलेल्या असतात. नोंद असली की वाट आहे याचा तो निर्णायक पुरावा. १९४९च्या कायद्यानंतर गावोगावी पाहणी करून हे नकाशे तयार झाले. पण कुठे पाहणीच अपुरी झाली, कुठे जमीनदाराला दुखवायला गाव धजावले नाही. अशा कितीतरी वाटा नोंदीविना राहिल्या. आज कुणी त्या नोंदवण्याचा दावा केला की अधिकाऱ्याला इतिहास संशोधक व्हावे लागते.

पुरावे दोन प्रकारचे. पहिला वहिवाटीचा. लोक एखादी वाट सलग २० वर्षे कुणाची परवानगी न घेता, जबरदस्ती न करता आणि लपूनछपून न जाता वापरत असतील आणि मालकाने त्या काळात आपला विरोध स्पष्ट केला नसेल, तर ती सार्वजनिक केली असे कायदा मानतो. त्यासाठी गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्यावे लागतात : शाळेत कुठून जात होता, फाटकाला कुलूप कधी लागले, कुणी अडवले होते का? दुसरा पुरावा कागदांचा. सामाईक जमिनी वाटून दिल्याचे निवाडे, १८३६च्या कायद्यानंतर काढलेले धर्मकराचे नकाशे, रेल्वेच्या बांधणीसाठी काढलेले आराखडे. यातले १९१०च्या वित्त कायद्याचे कागद तर मजेदार. जमिनीवरच्या करात सूट मिळावी म्हणून काही मालकांनीच त्या वेळी ‘माझ्या जमिनीतून सार्वजनिक वाट जाते’ असे लिहून दिलेले आढळते. पणजोबाने कर वाचवायला दिलेली ती कबुली शंभर वर्षांनी पणतवाच्या कुंपणाआड येते.

अशा जुन्या वाटा नोंदवायला २००० सालच्या कायद्याने १ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख घातली होती. पुढे ती २०३१ पर्यंत लांबवण्यात आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ही कालमर्यादाच रद्द करण्याचा इरादा जाहीर केला. दिलासा खरा. पण दावे तपासायला माणसेच कमी असतील, तर मुदत काढून टाकल्याने रांग फक्त लांबते. ठिकठिकाणच्या परिषदांकडे दावे वर्षानुवर्षे पडून आहेत आणि ज्यांच्या आठवणींवर दावा उभा आहे, ती पिढी त्या रांगेत वाट पाहत थांबत नाही.

निसर्ग आणि वाटसरू यांत भांडण झाले तर?

राष्ट्रीय उद्यानांच्या कायद्यात दोन उद्दिष्टे आहेत : निसर्ग आणि वारसा जपणे, तसेच लोकांना त्याचा आनंद व ओळख मिळवून देणे. दोहोंत विसंगती आली आणि ती मिटवताच आली नाही, तर निसर्गाला झुकते माप द्यावे, हे तत्त्व १९७४च्या सँडफर्ड समितीच्या अहवालातून पुढे आले आणि १९९५च्या पर्यावरण कायद्यात समाविष्ट झाले. यातला ‘मिटवताच आली नाही तर’ हा भाग महत्त्वाचा. वाट बंद करणे हा शेवटचा उपाय. त्याआधी मिटवण्याचे प्रयत्न झालेच पाहिजेत आणि ते करणारा माणूस म्हणजे वाट अधिकारी.

हे प्रयत्न बहुतेकदा साधे असतात. माळरानावर टिटवीच्या कुळातले आणि इतरही अनेक पक्षी जमिनीवरच घरटी करतात. म्हणून मोकळ्या फिरण्याच्या मुलखात १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपर्यंतच्या दोरीनेच बांधून न्यावा लागतो. कड्यांवर एखाद्या पक्ष्याने घरटे केले, तर प्रस्तरारोहकांच्या संघटनेशी बोलून तेवढाच भाग तेवढेच आठवडे टाळला जातो. कोरड्या उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की मोकळा मुलूख तात्पुरता बंद करण्याची तरतूद आहे; सार्वजनिक वाटा मात्र तेव्हाही चालू राहतात.

झिजणाऱ्या वाटांचा प्रश्न यापेक्षा जुना आहे. १९६५ मध्ये खुली झालेली ४३१ किलोमीटरची ‘पेनाइन वे’ ही लांब पल्ल्याची पायवाट इतकी लोकप्रिय झाली की पीटच्या दलदलीत तिचा चिखलाचा पट्टा झाला. चिखल टाळायला लोक बाजूने चालत, त्यामुळे पट्टा आणखी रुंद होई. उपाय सापडला तो लँकेशरच्या बंद पडलेल्या गिरण्यांत. पाडलेल्या गिरण्यांच्या जमिनीच्या जुन्या फरश्या हेलिकॉप्टरने माळावर नेऊन अंथरण्यात आल्या. ज्या गिरण्यांतून सुटका म्हणून कामगार डोंगरावर जात, त्यांच्याच फरशीवरून आज त्यांची नातवंडे चालतात आणि दोन्ही बाजूंचा माळ पुन्हा हिरवा होतो आहे. लोकांना हाकलून न देता निसर्ग सावरता येतो, याचे हे ठळक उदाहरण.

वाट सगळ्यांची, पण चालू कोण शकते?

कायद्याने वाट सर्वांची असली, तरी कुंपणावरची उंच पायरी गुडघेदुखीच्या माणसाला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला आणि चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तीला परत पाठवते. म्हणून आता नवा विचार रुजला आहे : आधी नुसती मोकळी जागा ठेवता येते का पाहा, गुरांमुळे ती शक्य नसेल तर फाटक, आणि कुठलाच पर्याय नसेल तरच पायरी. लेक डिस्ट्रिक्टने पायऱ्या नसलेल्या वाटांची स्वतंत्र यादीच तयार केली आहे. एक पायरी काढून फाटक बसवायचे तरी मालकाची संमती, सामानाची वाहतूक आणि स्वयंसेवकांचा दिवस लागतो. असे काम बातमीत येत नाही, पण एखाद्या आजोबांसाठी तो डोंगर पुन्हा खुला होतो.

मग अडचण कुठे आहे?

पैशात आणि माणसांत. गेल्या दशकभरात राष्ट्रीय उद्यानांना मिळणारे सरकारी अनुदान महागाईच्या तुलनेत घटत गेले आहे आणि स्थानिक परिषदांची स्थिती त्याहून बिकट आहे. शाळा, वृद्धांची देखभाल आणि रस्ते यांच्या रांगेत पायवाटेचा क्रमांक शेवटचा. कपात करताना कुणी ‘लोकांचा हक्क काढून घेतो’ असे म्हणत नाही. निवृत्त अधिकाऱ्याची जागा भरली जात नाही, दोन पदांचे एक होते, पाहणी वर्षाऐवजी तीन वर्षांनी होते, इतकेच. स्वयंसेवक हजारोंच्या संख्येने मदतीला येतात आणि त्यांच्याशिवाय काम चालणार नाही, हे खरे. पण स्वयंसेवक झुडूप छाटू शकतो. नोटीस काढू शकत नाही, दाव्याचा निवाडा लिहू शकत नाही आणि न्यायालयात उभा राहू शकत नाही.

इथेच या विषयातले खरे दुखणे आहे. मोकळ्या हवेचा हक्क वाढवण्याची मागणी इंग्लंडमध्ये जोरात आहे आणि स्कॉटलंडचा दाखला दिला जातो. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने जवळपास सर्व जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला. पण त्याच कायद्याने स्थानिक यंत्रणा आणि उद्यान प्राधिकरणांवर तो हक्क राखण्याचे कर्तव्यही टाकले, त्यासाठी आचारसंहिता आली आणि वाट अधिकारी नेमले गेले. लॉक लोमंडच्या काठी तंबूंची गर्दी आणि घाण असह्य झाली, तेव्हा तिथल्या प्राधिकरणाने २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर या काळात काही किनाऱ्यांवर परवाना सक्तीचा केला. हक्क रद्द झाला नाही, त्याला शिस्त लागली. हक्क वाढवायचा आणि तो सांभाळणारे हात कमी करायचे, या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत.

आपल्याला यातून काय घेता येईल?

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. शेतरस्ता अडवल्याची तक्रार तहसीलदाराकडे नेणे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. १९०६चा मामलेदार न्यायालय अधिनियम आणि जमीन महसूल संहितेचे कलम १४३ त्यासाठीच आहे. पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट हे शब्दच सांगतात की वहिवाटीची कल्पना आपल्या मातीत मुरलेली आहे. फरक असा की कलम १४३चा हक्क शेतात पोहोचण्यासाठी शेतकऱ्याला आहे. डोंगर पाहायला निघालेल्या नागरिकाचा त्यात विचार नाही. अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नुसार परवान्याविना शिरताच येत नाही. वाघ-बिबट्यांच्या देशात ते योग्यच आहे. ब्रिटनची नक्कल इथे करण्यात अर्थ नाही.

पण हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, कासचे पठार जागतिक वारशात आहे आणि जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांनाही तो मान मिळाला. गर्दी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. या गर्दीसाठी आपल्या प्रशासनाकडे आजवर दोनच बटणे आहेत : सगळे खुले किंवा सगळे बंद. पावसाळ्यात अपघात झाला की धबधबे आणि गडांवर मनाई आदेश निघतो. दिवाळी आली की पुन्हा सारे मोकळे. कासला ग्रामस्थांच्या वनव्यवस्थापन समित्यांनी नोंदणी आणि मर्यादेची व्यवस्था लावली, हा सन्मान्य अपवाद. एरवी गडाची कोणती वाट कुणाच्या शेतातून जाते, तिथे झिजलेल्या पायऱ्या कुणी दुरुस्त करायच्या, पार्किंगवरून गावाशी झालेला वाद कुणी मिटवायचा, याला वनखाते, पुरातत्त्व, महसूल आणि ग्रामपंचायत यांच्यापैकी कुणीही ‘माझे काम’ म्हणत नाही.

त्या चौघांच्या मधे उभा राहणारा, शेतकऱ्याच्या बांधावर बसून बोलणारा, गडवेड्यांना नियम समजावणारा आणि घरटे असेल तिथे वाट वळवणारा एक माणूस नेमणे, एवढे तरी ब्रिटनकडून घेता येईल. तो माणूस त्याच गावातला असेल तर उत्तमच. डार्टमूरच्या निकालाने एक हक्क वाचला आणि त्याचा आनंद आहेच. पण पायवाट न्यायालयाच्या निकालाने मोकळी राहत नाही. दरवर्षी कुणीतरी जाऊन तिच्यावरचे गवत काढावे लागते आणि त्या माणसाचा पगार चालू ठेवावा लागतो. ब्रिटन आज हा पगार वाचवण्याच्या मोहात आहे. आपण तो द्यायला अजून सुरुवातही केलेली नाही.